फ्रेमवर्क १३ ला डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड: प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५

कामाचं मूळ म्हणजे वहिनींच्या मुलाखती. पीएच.डी.साठी त्या माण-खटाव भागात फिरून विहिरी, पाण्याच्या पाळ्या आणि त्यावरून झालेली भांडणं यांवर लोकांशी बोलल्या आहेत. सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं आहे आणि आता ते लिखित हवंय. हे काम इंटरनेटवरच्या एखाद्या सेवेला पाच मिनिटांत देता आलं असतं, पण लोक नावं घेऊन, गट नंबर सांगून बोललेत आणि रेकॉर्डिंग घराबाहेर जाणार नाही असा शब्द वहिनींनी त्यांना दिलाय. म्हणजे जे करायचं ते घरच्या मशीनवर.

व्हिस्परचं (बोलणं ऐकून त्याचा मजकूर करणारं ओपनएआयचं सॉफ्टवेअर) मोठं मॉडेल माझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर चालतं, पण बासष्ट मिनिटांच्या एका मुलाखतीला जवळपास पाच तास घेतं. मॉडेलला ग्राफिक्स कार्डावर १० जीबीच्या आसपास मेमरी लागते. त्यामुळे एनव्हिडियाचं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड ठरवलं. हेच नाव असलेलं ८ जीबीचंही एक कार्ड बाजारात आहे, घेताना बघून घ्यायला हवं.

लॅपटॉप फ्रेमवर्क १३, म्हणजे आतले भाग सुटे काढून बदलता येतात असा. दादा अमेरिकेहून येताना घेऊन आला तेव्हा आत इंटेलच्या ११व्या पिढीचा मेनबोर्ड (प्रोसेसर असलेला मुख्य बोर्ड) होता. नंतर तो काढून १२व्या पिढीचा बसवला. बाकी स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी, सगळं तेच. जुना बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, कपाटात.

१६ जून

आज फक्त कागदावरचा हिशेब.

याच कंपनीच्या फ्रेमवर्क १६ मध्ये पाठीमागे एक्स्पान्शन बे, म्हणजे ग्राफिक्स कार्डासारखं मॉड्यूल बसवायचा खण आहे. त्यात पीसीआय एक्सप्रेस ४ च्या (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातल्या जोडणीची चौथी पिढी) आठ लेन, म्हणजे समांतर वाटा, थेट प्रोसेसरकडून येतात, आणि त्या जोडणीचे नकाशे कंपनीने सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. लोकांनी त्यावर स्वतःचे बोर्डही बनवलेत. एक मेख आहे: प्रोसेसर थंड करणारे पंखे याच बेच्या मॉड्यूलमध्ये असतात, म्हणून घरी बोर्ड बनवायचा तर पंख्यांचीही सोय करावी लागते. कंपनीचं रेडियन आरएक्स ७७००एस मॉड्यूल ८ जीबीचं आहे, माझ्या कामाला तोकडं. आणि नवा लॅपटॉप घ्यायचाच नाहीये.

१३ ला असा बे नाही. कार्डापर्यंत जायचे दोनच रस्ते आहेत. पहिला यूएसबी-सी पोर्टमधून, यूएसबी४ किंवा थंडरबोल्टच्या बोगद्यातून. केबलवर ४० गिगाबिट लिहिलेलं असतं, पण पीसीआय एक्सप्रेसच्या वाट्याला जास्तीत जास्त ३२ येतात, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. दुसरा रस्ता एसएसडीच्या एम.२ स्लॉटचा. एसएसडी काढून तिथे अडॅप्टर लावायचा आणि ऑक्युलिंक केबलने (पीसीआय एक्सप्रेस बाहेर नेणारी केबल) चार लेन बाहेर काढायच्या. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीत एका लेनला सेकंदाला १६ गिगाट्रान्स्फर (साधारण तेवढे गिगाबिट), चार लेनचे ६४. १२८ बिटांमागे २ बिटांचा एन्कोडिंगचा खर्च वजा केला की सेकंदाला ७.८८ जीबी उरतात. तिसऱ्या पिढीत बरोबर निम्मे, ३.९४.

आता या वेगाची मला गरज किती? व्हिस्परचं मॉडेल १६ बिटांत ३ जीबीच्या आसपास आहे. ते एकदा कार्डात चढलं की पुढे केबलमधून फक्त आवाजाचे तुकडे जातात आणि मजकूर परत येतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. गेम खेळून चित्र पुन्हा लॅपटॉपच्याच स्क्रीनवर आणणाऱ्याचं गणित निराळं. २५६० बाय १६०० ची एक फ्रेम १६ एमबीची, सेकंदाला ६० फ्रेम म्हटल्या तरी जवळपास १ जीबी केबलमधून उलट्या दिशेने वाहतं. म्हणून ते लोक मॉनिटर थेट कार्डालाच लावतात.

२१ जून

लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. सकाळी डेक्कन क्वीनने गेलो. वापरलेलं ३०६०, १६,००० रुपयांना. दुकानदाराने आपणहून सांगितलं, "साहेब, मायनिंगचं नाहीये." हे वाक्य तिथे प्रत्येक कार्डाबरोबर फुकट मिळतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची, म्हणजे कार्डं राबवून नाणी मिळवायची पद्धतच मोडीत काढली आणि त्यानंतर ही कार्डं पोत्याने बाजारात आली, त्यामुळे मी ते मायनिंगचं आहे असंच धरून चाललो. पंखे बोटाने फिरवून बघितले, बेअरिंगचा आवाज नाही. मागच्या पट्टीवर स्क्रूच्या खुणा कमी आहेत. दुकानातल्याच मशीनवर लोड टाकून दहा मिनिटं बसलो. तापमान ७४ वर जाऊन थांबलं. मेमरी १२ जीबी दिसली. घेतलं.

घरी एका जुन्या डेस्कटॉपचा ४५० वॅटचा पॉवर सप्लाय पडून आहे. कार्ड १७० वॅटचं, त्याला ८ पिनांची एकच वायर लागते. भरपूर झालं.

२२ जून

आधी सोपा रस्ता. यूएसबी४ चा उघडा डॉक (कार्ड बसवायचा स्लॉट असलेला बोर्ड), आत यूएसबी४ चं पीसीआय एक्सप्रेस करणारी एएसएम२४६४पीडी चिप. डॉकला पॉवर सप्लाय, डॉकवर कार्ड, केबल लॅपटॉपच्या मागच्या डाव्या पोर्टात. १२व्या पिढीच्या बोर्डावर चारही पोर्ट यासाठी चालतात, आणि फ्रेमवर्कचं यूएसबी-सी एक्स्पान्शन कार्ड (लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत सरकवायचा पोर्टाचा तुकडा) म्हणजे आत नुसती सरळ जोडणी, त्यामुळे मध्ये काही अडत नाही. लिनक्सने डिव्हाइस ओळखलं, परवानगी मागितली, दिली. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकून रीबूट. कार्ड दिसतंय.

मोजलं: लॅपटॉपकडून कार्डाकडे सेकंदाला २.८ जीबीच्या आसपास. तीच बासष्ट मिनिटांची मुलाखत फास्टर-व्हिस्परवर (व्हिस्परची वेगवान आवृत्ती) नऊ मिनिटांत झाली.

इथे खरं तर प्रकल्प संपायला हरकत नव्हती. पण कार्डाची धातूची पट्टी धरून केबल काढायला गेलो आणि हाताला चांगल्याच झिणझिण्या आल्या.

२३ जून

टेस्टर लावला. कार्डाच्या पट्टीवर पेटतो, पॉवर सप्लायच्या पत्र्यावर पेटतो, आणि केबल जोडलेली असताना लॅपटॉपच्या ॲल्युमिनियमच्या कडेवरही मंद का होईना पेटतो. बाथरूममधल्या गिझरच्या पॉइंटचं अर्थिंग चांगलं आहे हे माहीत होतं. तिथून लांब वायर आणून मल्टिमीटरने मोजलं: पट्टी आणि अर्थ यांच्यात १०६ व्होल्ट एसी.

आकडाच कारण सांगतो. पॉवर सप्लायच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन छोटे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. बॉडी अर्थ झालेली असेल तर त्यांतून गळणारा जरासा करंट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर बॉडी दोघांच्या मधोमध लटकते, २३० च्या निम्म्यावर. मीटर स्वतः थोडं ओढतं म्हणून ११५ ऐवजी १०६. करंट मिलिअँपिअरच्या आतला असल्यामुळे माणसाला फक्त झिणझिण्या येतात. माझी काळजी दुसरीच होती. केबल खुपसताना आधी कुठली पिन टेकेल याची खात्री नाही, आणि हा १०० व्होल्टचा फरक एखाद्या सिग्नलच्या पिनेतून मिटला तर मेनबोर्डाचा पोर्ट गेलाच म्हणायचा. लॅपटॉपचा स्वतःचा चार्जर बाजूला काढून बघितलं, फरक शून्य. गळती डॉकच्याच बाजूची.

सॉकेट उघडलं. तीन पिनांचं आहे, वरच्या मोठ्या भोकाला वायरच नाही. सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतींत हे इतकं नेहमीचं आहे की कुणी बघतही नाही. बाहेरची ग्राफिक्स कार्डं जोडणारे लोक लेन आणि गिगाबिटांवर तासन्‌तास भांडतात. अर्थिंगबद्दल चकार शब्द नाही.

२५ जून

वायरमन आला. त्याने पहिला उपाय सुचवला तो सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडायचा. "टेस्टर पेटणार नाही बघा." पेटणार नाही हे खरं, पण उद्या त्या न्यूट्रलचा स्क्रू सैल झाला किंवा वायर तुटली की कार्डाची अख्खी बॉडी थेट फेजवर. नको म्हटलं. मीटरच्या अर्थपासून हिरवी वायर ओढून टेबलाच्या पॉइंटपर्यंत आणायला सांगितली. केसिंगपट्टीसकट दुपार गेली. आता पट्टी ते अर्थ ०.४ व्होल्ट. टेस्टर गप्प.

वहिनी चहा घेऊन आल्या. भिंतीवरची नवी पट्टी बघून म्हणाल्या, "भावजी, माझ्या मुलाखतींसाठी एवढं घर फोडायला लागतंय का?" म्हटलं, "वहिनी, घर माझं, शॉकही मीच खाल्ला, तुम्ही मुलाखतींची यादी तेवढी लावून ठेवा."

२८ जून

दुसरा रस्ता. लॅपटॉपचा एम.२ स्लॉट अडकवायचा नाही हे ठरलेलंच आहे. १३ मध्ये तो एकच आहे, आणि केबल बाहेर काढायची तर कीबोर्डाचं झाकण उघडं ठेवावं लागेल. त्यासाठी कपाटातला ११व्या पिढीचा बोर्ड बाहेर काढला. त्याच्याही एम.२ ला चौथ्या पिढीच्या चार लेन आहेत.

हा भाग मला सगळ्यात आवडला. लॅपटॉपमधून काढलेला बोर्ड सहसा भंगार असतो. याचा चार्जरचा पोर्ट बोर्डावर, बाकीचे पोर्ट बोर्डावर. २०२२ मध्ये कंपनीने बोर्डाची मापं आणि छापता येईल अशा डब्याची फाइल खुली केली. ओळखीच्या एकाने कोथरूडला थ्री-डी प्रिंटरवर डबा छापून दिला, बोर्ड त्यात पहिल्या फटक्यात बसला. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बोर्ड एकटा चालवायचं सेटिंग आहे, ते तो लॅपटॉपात होता तेव्हाच करून ठेवलेलं. बॅटरी नाही, स्क्रीन नाही. यूएसबी-सी चार्जरवर चालू झाला.

एम.२ स्लॉटमध्ये ऑक्युलिंकचा अडॅप्टर गेला, म्हणून सिस्टिम २५० जीबीच्या स्टोरेज एक्स्पान्शन कार्डावर टाकली. ते यूएसबीवर चालतं, एसएसडीइतकं चपळ नाही. पण मॉडेल एकदा वाचायचं आणि दिवसभर चालवायचं, त्यामुळे काही बिघडत नाही.

चालू करायचा क्रम ठरवून टाकला: आधी ऑक्युलिंकच्या डॉकचा पॉवर सप्लाय (कार्ड आता त्यावर), मग बोर्ड. बोर्ड उठताना पीसीआय एक्सप्रेसवर कोण कोण हजर आहे ते बघतो. तेव्हा कार्ड जागं नसेल तर ते पुढे दिसतच नाही. आणि चालू असताना ऑक्युलिंकची केबल काढायची नाही, लावायची नाही. यूएसबी४ मध्ये ती मुभा आहे, इथे धरून चालू नये.

२९ जून

कार्ड दिसलं, पण लिंकचा वेग २.५ गिगाट्रान्स्फर दाखवतोय, म्हणजे पहिल्या पिढीचा. घाबरायचं कारण नाही. एनव्हिडियाची कार्डं रिकामी बसली की वीज वाचवायला लिंक स्वतःच खाली आणतात. काम चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये बघितलं: १६ गिगाट्रान्स्फर, चार लेन. वेग मोजला तर सेकंदाला ६.६ जीबी. यूएसबी४ च्या दुपटीहून जास्त. झकास.

मुलाखत तीच लावली. नऊ मिनिटांत झाली. एका सेकंदाचाही म्हणण्यासारखा फरक नाही. १६ तारखेचा हिशेब हेच सांगत होता.

१ जुलै

लिनक्सच्या कर्नलचा लॉग उघडला तर पानंच्या पानं भरलेली. दुरुस्त झालेल्या एरर: बॅड टीएलपी (बिघडलेलं पाकीट), रिप्ले टायमर (पोच न आल्याने पुन्हा पाठवणं), पुन्हा बॅड टीएलपी.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्येक पाकिटाला तपासणीचा आकडा जोडलेला असतो. तो जुळला नाही की घेणारा पाकीट नाकारतो आणि पाठवणारा तेच पुन्हा पाठवतो. त्यामुळे माहिती बिघडत नाही, नुसता वेळ जातो. पण इतक्या एरर येणं म्हणजे लिंक काठावर आहे. आज दुरुस्त होतायत, उद्या पंख्याच्या गरम हवेने केबल तापली की लिंकच पडेल, आणि ड्रायव्हर कार्ड बसवरून गळून पडल्याचा तो सुप्रसिद्ध संदेश देऊन बसेल. मग रीबूटशिवाय इलाज नाही.

सिग्नलचा रस्ता बघितला तर यात नवल नाही. मेनबोर्ड, एम.२ चा सॉकेट, अडॅप्टर, ऑक्युलिंकचा सॉकेट, केबल, पुन्हा सॉकेट, डॉकचा पीसीबी, आणि शेवटी कार्डाचा स्लॉट. चौथ्या पिढीत ८ गिगाहर्ट्झला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २८ डेसिबल घट चालते. ऐकायला खूप वाटतं, पण प्रत्येक जोड त्यातला आपला हप्ता घेतो आणि मध्ये सिग्नल ताजा करणारी रीटायमर चिप कुठेच नाही.

५ जुलै

५० सेंटिमीटरची केबल काढून २५ ची लावली. एरर बऱ्याच कमी झाल्या, संपल्या नाहीत. केबलचं डोकं अडॅप्टरमध्ये किंचित तिरकं बसत होतं, कारण छापलेल्या डब्याची कड त्याला वर ढकलत होती. कानशीने कड दीड मिलिमीटर घासली. आता क्लिक असा स्वच्छ आवाज येतो. एरर अजून कमी. अजूनही शून्य नाहीत. एम.२ अडॅप्टरचा स्क्रू पक्का केला, कार्डाला खालून टेकू दिला म्हणजे वजनाने स्लॉटमध्ये कलणार नाही. तासाला पाच-सात एरर उरल्या.

गेम खेळणारा इथे थांबला असता, चालतंय की. माझं मशीन रात्रभर एकटं चालणार, आणि पहाटे तीनला अडकलं तर बघायला कुणी नाही.

६ जुलै

लिंक तिसऱ्या पिढीवर आणली. लॅपटॉपच्या बायोसमध्ये असा पर्याय नसतो, पण लिनक्समधून जमतं. एम.२ ज्या रूट पोर्टवर (जोडणीचं प्रोसेसरकडचं टोक) आहे, माझ्याकडे ००:०६.०, त्याच्या लिंक कंट्रोल २ रजिस्टरमध्ये टार्गेट स्पीड ३ लिहायचा आणि लिंक कंट्रोलमधला रीट्रेनचा बिट चढवायचा. क्षणात लिंक ८ गिगाट्रान्स्फरवर आली.

मोजला तर वेग सेकंदाला ३.३ जीबी. रात्रभर लोड दिला. सकाळी लॉगमध्ये एरर शून्य.

म्हणजे एवढा खटाटोप करून यूएसबी४ पेक्षा जेमतेम अर्धा जीबी जास्त मिळाला. कुणी फक्त वेगासाठी १३ ची एसएसडी काढून हे करायला निघाला असेल तर त्याला मी सरळ सांगेन, नको करूस, यूएसबी४ चा डॉक घे. मला इथे वेगासाठी काही नकोच होतं. फायदा झाला तो वेगळाच: लॅपटॉप मोकळा राहिला, तो बॅगेत टाकून मी कुठेही जाऊ शकतो, आणि जुना बोर्ड कार्डाबरोबर कोपऱ्यात बसून आपलं काम करतो. यूएसबी४ चा डॉक आता मित्राकडे, त्याला रेंडरिंगसाठी हवा होता.

९ जुलै

संध्याकाळी पाऊस, लाईट गेली. बोर्डाला बॅटरी नसल्यामुळे सगळंच एकदम बंद झालं. स्टोरेज कार्डावरची फाइल सिस्टिम तपासावी लागली, नुकसान नाही.

हेच लॅपटॉपला जोडलेलं असतं तर प्रकार जास्त विचित्र झाला असता. लॅपटॉप बॅटरीवर जिवंत, कार्ड मात्र अचानक मेलेलं, आणि ड्रायव्हर त्याची वाट बघत लटकलेला.

६०० व्हीएचा जुना यूपीएस लावला. त्यावर ३६० वॅट लिहिलंय, माझा भार पूर्ण जोरात २५० च्या आसपास. तरी चाचणीसाठी प्लग काढल्याबरोबर टक् करून बंद पडला. हे स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेले की साइन वेव्ह न देता पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, आणि ॲक्टिव्ह पीएफसीवाले (साइन वेव्हच्या तालाने करंट ओढणारे) पॉवर सप्लाय त्या लहरीवर एकदम जास्त करंट ओढायला जातात. स्वीच होण्याचे आठ-दहा मिलिसेकंद ही अडचण नव्हे, तेवढा वेळ पॉवर सप्लायचे कपॅसिटर तग धरतात.

शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घेण्याआधी एक फुकटचा उपाय बघितला. कार्डाची वीजमर्यादा १७० वरून १२० वॅटवर आणली, ड्रायव्हरमध्ये एक आज्ञा आहे. पुन्हा प्लग काढला. टिकला. पुन्हा काढला. टिकला. मुलाखतीचा वेळ नऊवरून पावणेदहा मिनिटांवर गेला, आणि कार्डाचं तापमान ७४ वरून ६३ वर आलं. पुण्यातल्या एप्रिलचा विचार करता ही मर्यादा कायमच ठेवतोय.

१२ जुलै

वहिनींच्या पहिल्या सहा मुलाखती काल रात्री रांगेत लावल्या होत्या, सकाळी तयार होत्या. एरर नाही.

मजकुराबद्दल वहिनींचा शेरा: बागायतदार, पाळी, पाट हे बरोबर येतं. "विहिरीवर मोट होती" याचं मात्र सगळीकडे "विहिरीवर मोठी होती" झालंय. शिवाय बोलणारा मधे थांबला, नुसता वारा ऐकू येतोय, तिथे मॉडेल आधीचंच वाक्य चार-चार वेळा लिहून ठेवतं. शांततेचे तुकडे आधीच गाळायचं सेटिंग चालू केलं, पुनरावृत्ती बरीच थांबली. मोटेचं काम वहिनी हाताने करणार.

"भावजी, पाच तासांचं पाच मिनिटांत झालं म्हणालात, आणि मला तपासायला दोन दिवस लागतायत." पाच नव्हे, पावणेदहा. पण मुद्दा त्यांचाच बरोबर आहे.

१९ जुलै

उरलेली कामं. लिंक तिसऱ्या पिढीवर आणायची आणि १२० वॅटची मर्यादा घालायची, या दोन्ही आज्ञा बूट होताना आपोआप चालतील अशी सर्व्हिस लिहिली, तीनदा रीबूट करून तपासली. लिंकची आज्ञा ड्रायव्हर चढायच्या आधी चालते, तोच क्रम ठेवायचा.

उघड्या डॉकवर पाल येऊन बसली होती. गरम असतं म्हणून येतात. बोहरी आळीतून बारीक जाळी आणली, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर ताणून डॉकभोवती पिंजरा केला. जाळी डॉकच्या पीसीबीपासून दोन बोटं लांब, आणि पिंजऱ्याच्या एका स्क्रूला ती नवी हिरवी वायर.

बाकी मुलाखती सोमवारपासून रांगेत.